रोजचे बायबलवाचन होते, पण अभ्यास होत नाही. पद्धत कशी बसवावी?

नवीवही

सर्वांना सलाम. रोज सकाळी बायबल उघडते, एक अध्याय वाचते, प्रार्थना करते, बंद करते. संध्याकाळी कोणी विचारले की आज काय वाचले, तर अध्यायाचा आकडा सांगता येतो, आतले काही सांगता येत नाही. रविवारचा उपदेश कळतो, गटात बसले की उत्तरेही सुचतात. एकटीने वाचताना मात्र नजर नुसती ओळींवरून फिरते.

हाताशी सकाळचा अर्धा तास आहे, आठवड्यातले पाच दिवस नक्की. संदर्भवचने (त्या वचनाशी संबंधित इतर वचनांचे दाखले) असलेले छापील बायबल, फोनमध्ये दुसरे भाषांतर आणि एक कोरी वही आहे. विचारायचे ते असे: कोणत्या पुस्तकापासून सुरू करू? एका बैठकीत किती वाचू? वहीत नेमके काय लिहायचे? "मला काय वाटले" हे दोन ओळींत संपते. भाष्य आधी उघडायचे की नंतर? आणि खंड पडला तर?

"प्रार्थनापूर्वक वाचा" हे माहीत आहे. त्याच्या पुढचे सांगा.

बिरुयाकर

ताई, अर्धा तास भरपूर झाला. आधी "रोज एक अध्याय" हे माप सोडा. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात रूढ झाली, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ सालच्या एका छापील आवृत्तीत पहिल्यांदा आले. मूळ लेखकांसमोर यातले काहीच नव्हते. त्यामुळे अध्याय कधीकधी बोलण्याच्या मधेच तुटतो. मार्क ९:१ हे वाक्य ८:३४ पासून चाललेल्या बोलण्याचा शेवट आहे. यशया ५३ म्हणून आपण जे ओळखतो ते गीत खरे तर ५२:१३ ला सुरू होते.

मार्कापासून सुरुवात करा. चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची जीवनकथा सांगणाऱ्या पुस्तकांत, सर्वांत लहान, १६ अध्याय. पहिल्या तीन बैठकांत वही बाजूला ठेवा आणि सबंध पुस्तक सलग वाचून काढा. मोठ्याने वाचले तर साधारण दीड तास लागतो, म्हणजे तुमच्या तीन सकाळी. या फेरीत काही समजून घ्यायचा अट्टहास नको. गोष्ट कुठे सुरू होते, कुठे वळते, कोण पुन्हा पुन्हा भेटते, एवढे ध्यानात आले तरी पुरे. चौथ्या दिवसापासून रोज एकच उतारा घ्या, १० ते २० वचनांचा. मार्कात ६७८ वचने आहेत. सरासरी १५ धरली तर ४५ बैठका, पाच दिवसांच्या हिशेबाने नऊ आठवडे. एका पुस्तकाला नऊ आठवडे हे सुरुवातीला फार वाटते. तसे वाटू द्या.

अर्धा तास मी असा वाटेन: दोन मिनिटे प्रार्थना, आठ मिनिटे उतारा तीनदा वाचणे (त्यातले एकदा मोठ्याने, कारण मनात वाचताना डोळे ओळखीची वाक्ये गाळतात), दहा मिनिटे निरीक्षण लिहिणे, पाच मिनिटे संदर्भवचने, उरलेली पाच आचरण आणि प्रार्थना. सगळ्यांत जास्त वेळ निरीक्षणाला दिला आहे. बहुतेक जण नेमके तेच गाळतात आणि थेट "यातून मला काय शिकायला मिळते" याच्यावर येतात. उताऱ्यात काय आहे तेच नीट पाहिलेले नसते, म्हणून शिकायला मिळते ते दर वेळी तेच ते असते: विश्वास ठेवावा, प्रार्थना करावी, प्रीती करावी.

निरीक्षण म्हणजे पानावर जे छापले आहे तेच, स्वतःचे काही न मिसळता. कोण बोलतो, कोणाशी, कुठे, केव्हा. कोणता शब्द पुन्हा आला. "म्हणून", "कारण", "परंतु" कुठे आहेत आणि ते कशाला कशाशी जोडतात. कोणी कोणता प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर मिळाले का. उताऱ्याच्या लगेच आधी काय आहे, नंतर काय आहे. किमान दहा नोंदी करा. पहिल्या पाच सोप्या असतात, कामाच्या नोंदी सहसा सातव्या-आठव्यानंतर सुरू होतात.

उदाहरण घ्या मार्क ११:१२-२५. येशू अंजिराच्या झाडाकडे जातो, पानांखेरीज काही नाही, आणि तेराव्या वचनात चक्क लिहिले आहे की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. तरी तो झाडाला शाप देतो. एवढेच वाचून थांबले तर हा विनाकारण राग वाटतो, आणि मग लोक काहीतरी ओढूनताणून बोध काढतात. निरीक्षण पुढे न्या. १५ ते १९ मध्ये मंदिरातले विक्रेते व सराफ बाहेर काढले जातात. २० व्या वचनात दुसऱ्या दिवशी सकाळी तेच झाड मुळापासून वाळलेले दिसते. म्हणजे मंदिराची घटना झाडाच्या दोन तुकड्यांच्या मधे ठेवलेली आहे. आता मागे ११:११ पाहा: आदल्या संध्याकाळी त्याने मंदिरात जाऊन सभोवार सगळे पाहिले होते आणि उशीर झाला म्हणून तो परतला होता. १७ व्या वचनाची संदर्भवचने उघडा, यशया ५६:७ आणि यिर्मया ७:११. यिर्मया ७ हे मंदिराच्या भरवशावर निर्धास्त राहून वाटेल तसे वागणाऱ्यांना दिलेला इशारा आहे. त्यात देव म्हणतो, शिलोचे (पूर्वीच्या, उजाड झालेल्या उपासनास्थानाचे) काय झाले ते जाऊन पाहा. आणि मार्क १३:२ मध्ये येशू म्हणतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. आता झाड कशाचे चिन्ह आहे हे कोणी सांगावे लागत नाही. पाने भरपूर, फळ नाही.

ही एक गोष्ट फोडून तिच्या पोटात दुसरी ठेवण्याची रीत मार्क वारंवार वापरतो: ३:२०-३५, ५:२१-४३ (याईराची बारा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षे आजारी असलेली स्त्री), ६:७-३०, १४:१-११. एकदा ओळखता आली की पुढचे उतारे तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल. रोज सुटा तुकडा वाचणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून एकच पुस्तक धरून बसायचे.

तळटीप

भाष्य कधी, याचे उत्तर: वहीत तुमच्या दहा नोंदी आणि किमान एक प्रश्न लिहून झाल्यावर. आधी उघडले तर उतारा वाचताना तुम्हाला तेवढेच दिसते जेवढे भाष्यकाराने दाखवले. शिवाय प्रश्नच नसेल तर भाष्याची चार पाने वाचून काय शोधायचे तेही कळत नाही. आठवड्याच्या पाच दिवसांतला पाचवा दिवस त्यासाठी राखा. चार दिवसांचे प्रश्न एकत्र काढा, भाष्यात फक्त त्यांची उत्तरे पाहा, आणि जे उत्तर पटले नाही त्याच्यापुढे "पटले नाही" असे लिहून ठेवायला कचरू नका.

अभ्यास-बायबलात पानाच्या तळाशी असलेल्या टिपा हे भाष्यच आहे, शास्त्रलेख नव्हे. वर मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात एकाच पानावर असल्यामुळे हा फरक पुसला जातो. परिच्छेदांवरचे मथळेही संपादकांचे असतात. "उधळ्या पुत्राचा दाखला" हा मथळा वाचला की लूक १५ मधल्या थोरल्या भावाकडे दुर्लक्ष होते, आणि दाखला संपतो तो त्याच्याशीच बोलता बोलता. मथळा झाकून वाचा आणि उताऱ्याला तुमचा मथळा द्या. सहा-सात शब्दांत देता आला नाही तर उतारा अजून हाती लागलेला नाही असे समजा.

छापील संदर्भवचने सगळी सारख्या मोलाची नसतात. सर्वांत आधी ती पाहा जिथे नव्या करारातला लेखक जुन्या करारातले वचन स्वतः उद्धृत करतो. त्यानंतर त्याच पुस्तकातली. मग त्याच लेखकाची दुसरी पुस्तके. केवळ एखादा शब्द जुळतो म्हणून दिलेली शेवटी, वेळ उरला तर. आणि संदर्भ उघडलात की एकटे वचन वाचू नका, त्याच्या आधीची-नंतरची पाचसहा तरी वाचा.

दुसऱ्या भाषांतराचा उपयोग मर्यादित ठेवा. जिथे दोहोंत अर्थ खरोखर वेगळा पडतो तिथे प्रश्नचिन्ह करा आणि ते पाचव्या दिवसासाठी ठेवा. चार-चार भाषांतरे पुढ्यात घेऊन बसले की अर्धा तास तुलनेतच जातो.

मार्क घेणार आहात म्हणून एक आधीच सांगतो. १६:९-२० कंसात किंवा टिपेसह छापलेले दिसेल. सर्वांत जुन्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी काहींत पुस्तक १६:८ ला संपते, म्हणून ती खूण असते. योहान ७:५३ ते ८:११ चेही तसेच. पुढे अचानक दिसले की गोंधळ उडतो.

रात्रपाळी

अभ्यासाचे वरच्यांनी सांगितले, मी सवयीचे सांगतो. वेळ घड्याळावर ठरवू नका, एखाद्या न चुकणाऱ्या कामाच्या शेपटीला बांधा: तोंड धुतल्यावर, पहिला चहा हातात आल्यावर, मुले शाळेत गेल्यावर. ज्यांच्या पाळ्या बदलतात त्यांना "सकाळी सहा" हे दोन आठवडेही पाळता येत नाही. "उठल्यानंतरचे पहिले काम" मात्र कोणत्याही पाळीत पाळता येते.

आदल्या रात्री बायबल उद्याच्या उताऱ्यावर उघडून, वही आणि पेन्सिल त्यावर ठेवून झोपा. सकाळी "आज काय वाचू" हा प्रश्न आला की दहा मिनिटे गेलीच, कारण उत्तर शोधायला फोन हातात येतो. फोनमधले भाषांतर लागणार असेल तर आधी नेट बंद करा, मग ॲप उघडा. शेजारी एक चिठ्ठी ठेवा. वाचताना गॅसचे बिल, कोणाला करायचा फोन वगैरे आठवले की त्यावर टाका आणि परत उताऱ्यावर या. मनाशी झगडत बसण्यापेक्षा हे लवकर होते.

किमान माप ठरवून ठेवा: सगळ्यांत वाईट दिवशी काय? उतारा एकदा मोठ्याने वाचणे आणि वहीत तारखेसह एक वाक्य. चार मिनिटांचे काम आहे. ताप असो, प्रवास असो, एवढे होते.

खंड पडल्यावर चुकलेले भरून काढू नका. तारखांच्या तक्त्याने वाचणाऱ्यांचे तिथेच बिनसते: तीन दिवस चुकले की चौथ्या दिवशी बारा अध्याय समोर उभे, ते पाहूनच बायबल उघडायला नको वाटते. तक्ता बिनतारखेचा ठेवा, "बैठक १, बैठक २" असा. थांबलात तिथून पुढे. लागोपाठ तिसरा दिवस चुकला तर मात्र स्वतःला दोष न देता बांधणी तपासा. बहुधा ज्या कामाला वेळ बांधली होती ते कामच बदललेले असते.

स्तोत्र१३

बिरुयाकरांची पद्धत गोष्टींना आणि पत्रांना छान लागू पडते. स्तोत्रांना जशीच्या तशी लावू नका. स्तोत्र हे प्रार्थनेसाठी आहे, त्याचे तुकडे करून ठेवण्यात अर्थ नाही.

मठांतली जुनी चालत आलेली रीत आहे, लेक्सिओ दिविना. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गिगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. कॅथलिक घरांत ही ओळखीची आहे, पण कोणालाही करता येते. पाच ते आठ वचने घ्यायची, सावकाश वाचायची. जिथे मन अडकते त्या शब्दावर थांबायचे, तो ओठांवर घोळवायचा. मग त्याच शब्दांत देवाशी बोलायचे. शेवटी काही न बोलता बसायचे. वीस मिनिटे पुरतात. यात घसरण्याची जागा एकच: अडकलेला शब्द मूळ वचनापासून सुटून आपल्याच विचारांची माळ सुरू होते. म्हणून दर पाच मिनिटांनी स्तोत्र पुन्हा सुरुवातीपासून वाचायचे.

सुरुवात स्तोत्र १३ ने करा, सहाच वचने आहेत. पहिल्या दोहोंत चार वेळा "कोठवर" असे विचारले आहे. तिसऱ्या-चौथ्यात मागणे. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गीत. मध्ये परिस्थिती बदलली असे कुठेही म्हटलेले नाही, हे मुद्दाम पाहा. मग स्तोत्र ८८ वाचा. तिथे हे वळण येतच नाही, ते अंधारातच संपते. दोन्ही प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली आहेत, याचा आपल्या प्रार्थनेशी काय संबंध, यावर एक आठवडा काढता येईल.

पाच दिवसांपैकी चार मार्काला आणि एक स्तोत्राला दिला तरी चालेल. भाष्याचा दिवस दर दोन आठवड्यांनी घ्या.

नवीवही

खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका उरल्या. एक, आचरणाच्या पाच मिनिटांत माझे वाक्य "मी अधिक प्रेमळ व्हावे" असेच काहीतरी होते. दुसरी, मार्कानंतर जुना करार घ्यायचा आहे. निर्गम अर्ध्यावर आले की गाडी अडते. लेवीय तर उघडायची भीती वाटते.

बिरुयाकर

आचरणाचे वाक्य लिहिताना तीन गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत: काय, कोणाच्या बाबतीत, कधीपर्यंत. मार्क ११:२५ घ्या, प्रार्थनेला उभे राहताना कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. "मी क्षमाशील व्हावे" हे संध्याकाळी तपासता येत नाही. "अमक्याशी महिनाभर बोललेले नाही, आज फोन करीन" हे तपासता येते. दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर आधी कालचे वाक्य वाचायचे आणि झाले की नाही एवढी खूण करायची.

पण दर उताऱ्यातून काम निघालेच पाहिजे असा हट्टही नको. मार्क ४:३५-४१ मध्ये वादळ शांत होते आणि शिष्य विचारतात, हा आहे तरी कोण? उतारा त्या प्रश्नावर संपतो. तिथे करायचे ते एवढेच की प्रश्नापुढे थांबायचे, फार तर प्रार्थनेत उत्तर द्यायचे. अशा उताऱ्यातून जबरदस्तीने "माझ्या जीवनातली वादळे" काढली की मजकूर बाजूला पडतो आणि आपण मध्यभागी येतो. लोकप्रिय वचनांचे असेच होते. फिलिप्पैकरांस ४:१३ (मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्वकाही करू शकतो) परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या वेळी म्हटले जाते. ११ आणि १२ वाचा, पौल तुरुंगातून भूक आणि टंचाई सोसण्याबद्दल लिहितो आहे. यिर्मया २९:११ (तुमच्या हिताचे संकल्प) हे बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षे सांगितली आहेत, म्हणजे ते पत्र ज्यांना वाचून दाखवले त्यांतल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता.

जुन्या कराराचे गणित सोपे आहे. उत्पत्ती ५० अध्याय, निर्गम ४०. रोज तीन अध्यायांनी निघालेला माणूस पंचविसाव्या दिवशी निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) मापांत शिरतो, आणि ३१ व्या दिवशी लेवीय उघडतो. गोष्टीच्या वेगाने वाचत आलेल्याला तिथे अचानक नियम आणि मोजमापे भेटतात, आणि वाचण्याची तऱ्हा बदलायला हवी हे कोणी सांगितलेले नसते.

निर्गम २५ ते ३१ मध्ये मंडप कसा बांधावा ते आहे, ३५ ते ४० मध्ये तो तसाच बांधला. जवळपास तेच शब्द. दोन्ही बारकाईने वाचण्याची गरज नाही, पण मधले ३२ ते ३४ सोडू नका: सोन्याचे वासरू, आज्ञांच्या पाट्या फुटणे, मोशेची विनवणी. देवाने मध्ये राहण्याची तयारी चालवलेली असताना लोकांनी हे केले, आणि तरी मंडप उभा राहिला. पुनरुक्ती का आहे ते या मधल्या तीन अध्यायांमुळे कळते.

लेवीय ओळीने वाचण्यापेक्षा तक्ता करून वाचा. १ ते ७ साठी पाच ओळी: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. रकाने चार: काय आणायचे, वेदीवर काय जाते, उरलेले कोण खातो, कशासाठी. मग १६ वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, सावकाश. १९ वा पूर्ण. त्यानंतर इब्री लोकांस पत्र ९ आणि १०. एवढे दोन आठवड्यांत होते. बाकीचे अध्याय पुढच्या फेरीला ठेवा.

संदेष्टे वाचताना आधी राजांचा इतिहास. आमोसाआधी २ राजे १४:२३-२९, हाग्गयाआधी एज्रा ३ ते ६. हे न करता आमोस उघडला तर तो कोणावर एवढा संतापला आहे तेच समजत नाही.

सबंधवाचक

एक दुरुस्ती सुचवतो. वर सगळ्यांनी खोलीवर भर दिला, पण वर्षाच्या तक्त्यांना एवढे झोडपण्याचे कारण नाही. नुसत्या मार्कात नऊ आठवडे बसणाऱ्याला यिर्मया ७ कुठे आहे हे संदर्भवचनांनी सांगितले तरी ते घरचे वाटत नाही. विस्तारही लागतो.

त्याचा हिशेब: प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय. वर्षाला रोज तीन ते चार अध्याय. (कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके असल्याने आकडा वाढतो, तक्ता त्याप्रमाणे घ्या.) स्कॉटलंडमधले पाळक रॉबर्ट मरी मॅकचेन यांनी १८४२ मध्ये मंडळीसाठी केलेला तक्ता अजून वापरात आहे. त्यात रोज साधारण चार अध्याय, चार वेगवेगळ्या ठिकाणचे. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. लेवीय चालू असताना शेजारी दुसरे काही असते, म्हणून अडकायला होत नाही. मात्र मॅकचेन यांनी स्वतःच धोका सांगून ठेवला होता की वाचन उरकण्याची सवय लागू शकते.

ताईंच्या वेळेत हे चार अध्याय बसणार नाहीत, बसवूही नयेत. त्याऐवजी नव्या कराराचे २६० अध्याय पाहा. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला एक, ५२ आठवडे: बरोबर २६०. हे वाचन अभ्यासाच्या अर्ध्या तासाबाहेर, ऐकून करा. प्रवासात, भाजी निवडताना. एक अध्याय चार-पाच मिनिटांत ऐकून होतो. अभ्यास एका जागी आणि ऐकणे सगळीकडे, असे दोन वेगळे रूळ ठेवले की एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही.

तळटीप

वहीबद्दल राहिले होते. तारखेच्या क्रमाने लिहिलेली वही सहा महिन्यांनी निरुपयोगी होते, कारण मार्क ५ वर काय लिहिले ते सापडत नाही. प्रत्येक पुस्तकाला वेगळी वही, किंवा सुट्या पानांची फाइल. पानाच्या वरच्या कोपऱ्यात आधी संदर्भ, मग तारीख. डाव्या पानावर निरीक्षण आणि प्रश्न, उजवे पान अर्थ, आचरण आणि नंतर सापडणाऱ्या गोष्टींसाठी. उजवे अर्धे रिकामे सोडा. उपदेशात त्या उताऱ्यावर काही ऐकले तर तिथेच लिहायचे, उपदेशाची वेगळी वही नको. बायबलमध्ये खुणा करायच्या तर पेन्सिलीने, आणि पातळ कागदावर हायलायटर टाळा, मागच्या पानावर उतरतो.